साहेबांच्या कार्डावरचा शिक्का

नोकरी सायकलीवर बसून शोधायची असते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मला वाटायचं, अर्ज करायचा, कागदं जोडायची अन् गपगुमान वाट बघायची. तसे अर्ज मी लई केले. उत्तर एकाचंही आलं नाय. नकार तरी कळवा ना बाबा! तेवढीही माणुसकी नाय.

वाळूजला एका कंपनीत मी एकोणीस वर्षं क्वालिटीत होतो. गाड्यांचे लोखंडी सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे, मी मापायचो, बरोबर असले की पेटीवर माझा शिक्का मारायचो. शिक्का नंबर चौदा. तो पेटीवर दिसला की पुढचा माणूस पेटी उघडूनसुद्धा बघायचा नाय. मार्चमधी कंपनीनं गाशा गुंडाळला अन् दुसऱ्या राज्यात गेली. मशिनी संगं नेल्या, माणसं इथंच ठेवली.

पाच महिने घरी बसलो. सुगंधा, माझी बायको, आधी हौसेनं ब्लाऊज शिवायची, आता त्याच्यावरच घर चालायला लागलं. ती काही बोलायची नाय. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. तिच्या भावानं, फकिरानं, मात्र एक जागा शोधून ठेवली होती. आमच्या पडेगावातच लग्नाचं एक लॉन आहे, तिथं वॉचमन पाहिजे होता. "दाजी, फेब्रुवारीपासून जागा रिकामी हाय, तवर बघा तुमचं तुम्ही," असं तो म्हणला. म्हणजे जानेवारी संपायच्या आत क्वालिटीतली नोकरी, नायतर गेटावर शिट्टी. ज्या गावानं मला एकोणीस वर्षं इस्त्रीच्या शर्टात बघितलं, त्याच गावाच्या वराती मी पार्किंगला लावायच्या.

त्या वक्ताला रामकिसनभाऊ धावून आले. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. पोस्टातून रिटायर झालेले, वय त्रेसष्ट, पण रविवारी पन्नास-साठ किलोमीटर सायकल ठरलेली. त्यांची बायको द्वारकावहिनी सुगंधाकडं ब्लाऊज शिवायला टाकतात, त्या दोघींचं दिवसातून दोनदा तरी फोनवर बोलणं असतं.

"अर्ज काय करत बसला, त्रिंबक?" भाऊ म्हणले. "शेंद्र्याच्या कारखान्यांतले निम्मे साहेब आमच्या सायकलीच्या ग्रुपात हायेत. नोकऱ्या आता सायकलीवर लागतात. एक अर्ज कर अन् दहा माणसांना भेट. उलटं करून जमत नाय."

चांगल्या दिवसांत बोनसच्या पैशातून घेतलेली गिअरची सायकल धूळ खात पडली होती. काढली, पुसली अन् निघालो.

आता इथं घोटाळा असा झाला की मला सायकल आवडायला लागली. माझा बाप फुलंब्रीकडचा, जन्मभर मेंढरामागं चालला. जमीन नाय दिली त्यानं मला, पाय दिले. दौलताबादचा घाट मी एका दमात चढायचो. वर खुलताबादला पोचलो की खाली वळून बघायचो, साहेब लोक रांगेत, गप्पा हाणत, कुठं मधीच. मी एकटाच वर. तिथं उभा राहिलो की लई बरं वाटायचं. तिथं मी बेकार नसायचो. खाली उतरलो की परत व्हायचो.

भाऊंनी एकदा झापलंच. "आरं, तू काय मेडल आणायला आला का नोकरी शोधायला? ज्यांना भेटायचं ते मागं, अन् तू पुढं! वर जाऊन कुणाला भेटतो, देवाला?"

बरोबर होतं त्यांचं. लांब पल्ला मारायचा तर ओळखी होत नव्हत्या अन् ओळखी करायच्या तर पाय अवघडायचे. शेवटी मी पायांना लगाम घातला.

मी बद्रीनाथ साहेबांना धरलं. करमाडकडचे, घरची पन्नास एकर जमीन, शेंद्र्याच्या एका कारखान्याचे मुख्य. माणूस वाईट नव्हता. पण सायकल चालवायचे म्हणजे काय सांगू! लग्नातली घोडीसुद्धा जरा जोरात चालते. मी त्यांच्या बाजूनं, कधी अर्धं चाक मागं, चालवायचो. त्यांचा गुडघा, त्यांची जपानची ट्रिप, पुण्यात शिकणारा पोरगा, सगळं ऐकायचो. चढ आला की मुद्दाम दम लागल्यासारखं करायचो. त्यांची चेन पडली की मी बसवायचो, हात त्यांचे स्वच्छ राहायचे.

"तुम्ही सायकल पायानं चालवता का जिभेनं?" सुगंधा एकदा म्हणली. माझ्या शर्टाला चेनचं काळं लागलेलं होतं, ते घासत होती. हसत म्हणली, पण मला झोंबलं.

दिवाळीनंतर साहेब आपणहून म्हणले, "त्रिंबकराव, आमच्याकडं क्वालिटीत एक जागा निघतेय. जानेवारीत बोलू." मी घरी येऊन सुगंधाला सांगितलं. ती मशीन थांबवून उठली अन् देवापुढं साखर ठेवली. जागा अजून निघायची होती अन् आमच्याकडं साखर ठेवून झाली!

मग ती दोनशेची राईड आली. जानेवारीतला दुसरा रविवार. केंब्रिज चौकातून निघायचं, जालन्यावरून सिंदखेडराजाला जायचं अन् परत. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. वाटेत कुणी मदत करायची नाय. निघताना प्रत्येकाला एक पिवळं कार्ड देतात. सिंदखेडराजाला ग्रुपचा एक माणूस टेबल टाकून बसतो, तो कार्डावर शिक्का मारतो अन् वेळ लिहितो. बारा चाळीसच्या आत तिथं स्वतः पोचायचं, नायतर बाद. मेडल वगैरे सगळं त्या कार्डावर.

अन् त्या टेबलावर दरसालप्रमाणं रामकिसनभाऊ.

साहेबांनी नाव दिलं. बरं, नुसतं देऊन गप बसले असते! कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, कॅन्टीनमधी फळ्यावर लिहिलं, पोराला पुण्याला फोन केला. मला म्हणले, "तुम्ही बरोबर आहात म्हटल्यावर काळजी नाही." मी माझी राईड त्याच दिवशी सोडून दिली मनातून. नऊ तासांत मारली असती मी. नऊ!

सहाला निघालो. थंडी अशी की बोटं ब्रेकला चिकटत होती. करमाडपर्यंत साहेब बोलत होते. त्याच्या पुढं पूर्वेचा वारा समोरून लागला अन् बोलणं बंद झालं. मी पुढं होऊन त्यांना आडोसा दिला, तरी मागं वळून बघावं तर माणूस दहा हात लांब. थांबायचो, परत आडोसा द्यायचो. बदनापूरला थांबलो, त्यांनी गुडघ्याला मलम चोळलं. जालन्याच्या अलीकडं एका ढाब्यावर ते सायकल टाकून खाटेवरच आडवे झाले तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

ढाब्याचा चाचा म्हणला, "क्या साब, इत्ती थंडी में सायकल? गाडी नहीं है क्या?"

साहेब हसले नाय. डोळ्यांवर हात घेऊन पडून राहिले. मग म्हणले, "गुडघा गेला माझा, त्रिंबकराव. पुढचं जमत नाही."

"मग सोडून द्या ना साहेब. पुढच्या वर्षी करू."

"सगळ्यांना सांगून बसलोय मी." ते उठून बसले. मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. दप्तर हरवलेल्या पोरासारखा. "एक करता का? माझं कार्ड घेऊन जा. तुम्ही बारा चाळीसच्या आत सहज पोचाल. शिक्का घेऊन या. तोवर मी इथं पडतो, परतीला वारा पाठीशी आहे, तेवढं मी रेटतो. रामकिसन तुमचाच माणूस आहे, तुमच्या शब्दाला नाही म्हणणार नाही. आणि गुरुवारी कारखान्यात या. जागेचं बोलून टाकू."

कार्डाचं अन् जागेचं त्यांनी लागूनच सांगितलं. मधी पाण्याचा एक घोटसुद्धा घेतला नाय.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. एकोणीस वर्षांत मी एक खोटा शिक्का मारला नव्हता. महिन्याच्या शेवटी मॅनेजर टेबलापाशी येऊन विनवायचे, "पाच पेट्या हायेत रे, जाऊ दे", तरी नाय. भांडायचो. तोंडावर फाटकन बोलायचो. पण तेव्हा माझ्या खिशात पगार होता अन् पाठीशी युनियन होती. आता फकिराचं लॉन होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी कार्ड घेतलं.

ते सदतीस किलोमीटर मी कसे मारले, मलाच माहीत. वारा तोंडावर, खिशात दोन कार्डं. दोन महिने दाबून ठेवलेले पाय सुटले होते अन् त्यांना काय कळतंय मी कशासाठी पळतोय! ते आपले खूश. मला मात्र पायांचीसुद्धा लाज वाटायला लागली.

बारा पंचवीसला सिंदखेडराजा. चहाच्या हॉटेलासमोर लिंबाखाली टेबल, त्यावर शिक्का, पॅड, वही. भाऊ मफलर गुंडाळून बसलेले. माझं कार्ड घेतलं, शिक्का मारला, वेळ लिहिली.

"अन् साहेब?"

"मागं हायेत. दोनेक किलोमीटरवर. पायात गोळा आलाय. वेळ जाईल म्हणून कार्ड पुढं धाडलं." मी दुसरं कार्ड टेबलावर ठेवलं. "येतातच."

भाऊंनी रस्त्याकडं बघितलं. तिथून रस्ता सरळ दिसतो. एक उसाची ट्रॉली येत होती, बाकी कुणी नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. मी बाटलीचं झाकण उघडलं अन् लावलं.

"तू म्हणतो म्हणजे झालं," भाऊ म्हणले. शिक्का मारला, वेळ लिहिली, बारा अडतीस. पॅडचं झाकण लावून टाकलं. "चहा घेतो का?"

"नको. उशीर होतोय."

पळालोच मी तिथून. पळताना कळत होतं की हे लपणार नाय. बारा चाळीस होतील, एक वाजेल, साहेब येणार नायत, भाऊ टेबल आवरतील अन् त्यांना कळेल. मी ढाब्यापर्यंत येईस्तोवर दर पाच मिनिटाला वाटत होतं, आता फोन वाजेल. वाजला असता तर बरं झालं असतं. तो वाजलाच नाय.

साहेब झोप काढून ताजे झाले होते. वारा पाठीशी होता. संध्याकाळी सातच्या आत आम्ही केंब्रिज चौकात. टाळ्या, फोटो, गळ्यात मेडल. साहेबांनी मला मिठी मारली, सगळ्यांसमोर म्हणले, "हा माणूस नसता तर मी पोचलो नसतो!" त्यात खोटं काहीच नव्हतं. भाऊ ग्रुपच्या टेम्पोतून टेबल उतरवत होते. माझ्याकडं आले नायत. मीही गेलो नाय.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. सुगंधानं हातावर दही दिलं. शेंद्र्याला सायकलनंच गेलो. गेटावर वॉचमननं मला वहीत नाव लिहायला लावलं अन् मी त्याच्याकडं नीट बघितलंच नाय, बघवलंच नाय.

साहेबांच्या केबिनमधी त्यांच्या खुर्चीमागं खिळ्याला मेडल टांगलेलं होतं. चहा आला, बिस्किटं आली. साहेबांनी माझी कागदं शेवटपर्यंत वाचली. वाचताना मान हलवत होते. मला वाटलं, झालं काम.

"त्रिंबकराव," ते म्हणले, "राग मानू नका. क्वालिटीला मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

मला आधी कळलंच नाय. मी हसलो.

"माणूस म्हणून तुम्ही सोन्यासारखे आहात. पण त्या टेबलावर मला असा माणूस पाहिजे, जो मलाही नाही म्हणेल."

माझं डोकं सणकलं. "साहेब, कार्ड तुमचं होतं!"

"हो."

"सांगितलं तुम्ही! मी आपणहून मागायला आलो होतो का?"

"मी सांगितलं आणि तुम्ही केलंत. तेच म्हणतोय." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "उद्या महिना संपताना मी इथूनच फोन करेन, माल जाऊ द्या म्हणून. मी करतो असं, त्रिंबकराव. मला माझा भरवसा नाही. तेव्हा तिथं अडवणारा पाहिजे. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात, तर मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो. आणि आज हे पत्र तुमच्या हातात असतं."

टेबलावर खरंच एक पत्र होतं. त्यांनी ते ड्रॉवरमधी टाकलं. डिस्पॅचला कधी जागा निघाली तर कळवतो म्हणले.

मला राग कशाचा आला सांगू? तो माणूस खरं बोलत होता. खोटारडा असता तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अन् एवढं खरं बोलणाऱ्याच्या पाठीमागं ते मेडल लोंबत होतं, ते काढून टेबलावर ठेवावं असं काही त्याला वाटलं नाय. मी नमस्कार केला. वरून "थँक्यू साहेब" म्हणलो. का म्हणलो, देव जाणे. सवय.

परतीला वारा पाठीशी होता, सायकल आपोआप चालत होती. चिकलठाणा गेलं, क्रांती चौक गेला, छावणी गेली, मला काही दिसलं नाय. एकच गोष्ट डोक्यात होती. नोकरी तर गेली, निदान भाऊंना तरी खरं सांगावं. पाया पडावं अन् सांगावं, भाऊ, मी तुमच्या हातून खोटं करवून घेतलं. तेवढं एक सरळ झालं असतं तर मी फेब्रुवारीत लॉनच्या गेटावरसुद्धा उभा राहिलो असतो, ताठ मानेनं.

घराच्या आधी त्यांच्याच गल्लीत वळलो. भाऊ ओसरीवर पेपर वाचत होते. द्वारकावहिनी आत भाकरी थापत होत्या.

"ये, ये. चार दिवस तोंड लपवतो व्हय रे?" भाऊ म्हणले.

मी सायकल भिंतीला लावली. "भाऊ, त्या दिवशी साहेब मागं नव्हते."

"माहीत हाय मला."

"जालन्याच्या अलीकडंच थांबले होते."

"आरं, तू टेबलापाशी आला तव्हाच कळलं." त्यांनी पेपरची घडी घातली. "तुला खोटं बोलता येत नाय, त्रिंबक. बाटलीचं झाकण उघडत होता अन् लावत होता, पाणी काय पीत नव्हता."

"मग मारला कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

भाऊंनी पेपर बाजूला ठेवला. "मी पोस्टात पस्तीस वर्षं तारखेचा शिक्का मारला. लोक यायचे, साहेब, कालची तारीख टाका, फॉर्म जाईल, पोराचं वर्ष जाईल. रडायचे. एकदा बी मागं-पुढं केलं नाय मी. माझ्या सख्ख्या भावाचं टपाल परत केलंय. तो अजून बोलत नाय माझ्याशी." ते माझ्याकडं न बघता सांगत होते. "त्या दिवशी मनात आलं, एवढं सांभाळून काय केलं मी? कुणाचं भलं झालं? म्हणलं, एक मारू. जन्मात एक. त्रिंबकच्या घरात चूल तरी नीट पेटंल." मग त्यांनी मान वर केली. डोळे पाणावले होते, अन् हसत होते. "आज गुरुवार ना? गेलता ना शेंद्र्याला? लागली का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. पस्तीस वर्षांत एक.

"लागली, भाऊ," मी म्हणलो. "एक तारखेपासून या म्हणले."

या खेपेला माझा हात कुठंच गेला नाय, आवाज हलला नाय. भाऊंनी मला धरून छातीशी घेतलं. त्यांच्या अंगाला बामचा वास येत होता. "बघ! म्हणलो नव्हतो का? ओ, ऐकलं का? त्रिंबकला नोकरी लागली! तोंड गोड करा त्याचं!"

द्वारकावहिनी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या अन् माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. एवढा मोठा खडा, की मला बोलताच येईना. भाऊ पाठीवर थापटत होते. गूळ विरघळेना अन् गिळताही येईना.

"थांबा भावजी, तुम्ही नका सांगू, मी सांगते," वहिनी म्हणल्या. पदरानं हात पुसला, कोनाड्यातला फोन घेतला अन् सुगंधाला लावला. पलीकडं मशीन थांबल्याचं मला तिथपर्यंत ऐकू आलं.